तात्यांची काठी आणि ट्रकचे दार

आमच्या ट्रकच्या डाव्या दाराला दोन वर्षे बैलाचा जुना कासरा बांधलेला होता. एक टोक दाराच्या आतल्या कडीला, दुसरे बाकाखालच्या लोखंडी पट्टीला. येणारा-जाणारा हसायचा आणि मीही त्याच्याबरोबर हसायचो. "मर्सडीसला वेसण घातली काय रे?" असे कोणी विचारले की मी म्हणायचो, "म्हातारी झाली तरी उधळते अजून." थट्टेवारी नेण्यात दोन वर्षे गेली. दार काही कोणी दुरुस्त केले नाही.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती. वरच्या मळ्यात रोप टाकलेले, लागण खालच्या मळ्यात. रोपाच्या जुड्या हौद्यात भरल्या, बायका मागे बसल्या आणि आई माझ्या शेजारी केबिनमध्ये. तिच्या मांडीवर एक टोपली. पाटाच्या मोरीवर गाडी उजवीकडे वळते. तिथे मी गाडी वळवली, दार बाहेर झुकले, कासऱ्याची गाठ ताणली आणि सुटली. मी ब्रेक लावेपर्यंत आई खाली पाटाच्या कडेला चिखलात. गाडी माणसाच्या चालीने चालली होती आणि कडेला चिखल होता म्हणून निभावले. तरीही डावा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर.

दवाखान्यातून येताना ती फार बोलली नाही. घराजवळ आल्यावर एवढेच म्हणाली, "तुझे तात्या असते तर माझ्या अंगचं दार असं बांधून ठेवलं नसतं." मी काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी तिने सुनेला सांगितले की दार नीट होईस्तोवर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि माझी आई जे सुनेला सांगते ते मला ऐकू जावे म्हणूनच सांगते.

थोडे गाडीविषयी सांगतो. तात्यांनी ती १९८४ साली मालेगावकडच्या एका वाहतूकदाराकडून जुनीच घेतली. टाटाची १२१०. त्या नावातले १२ म्हणजे भरल्या गाडीचे टनातले साधारण वजन आणि १० म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती, असे तात्या आल्या-गेल्याला समजावून सांगत. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बनवायला घेतले. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ साली संपला आणि ट्रकच्या तोंडावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तिथे 'टी' अक्षर आले. आमच्या गाडीवर चांदणी कधीच नव्हती. पण गावाने एकदा 'मर्सडीस' म्हटले ते म्हटले. चांदणी असो की नसो.

त्या काळी कितीतरी ट्रक कारखान्यातून नुसते चेसिस आणि पुढचे तोंड एवढेच घेऊन निघत. मागचा हौदा आणि बऱ्याचदा केबिनसुद्धा गावोगावचे बॉडीवाले बांधून देत. आमची केबिन तशीच. आत लाकडी चौकट आणि वरून पत्रा. दारेही लाकडाची, पत्र्याने मढवलेली आणि म्हणून चांगलीच वजनदार. ती लोखंडी बिजागऱ्यांवर टांगलेली. हे सांगायचे कारण असे, की या दाराचे दुखणे मी समजून न घेताच त्याच्यावर उपाय करत होतो. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही, बॉडी बांधणाराचाही नाही. चाळीस वर्षांत त्या बिजागरीला तेलाचे किती थेंब मिळाले हे मला माहीत आहे. तात्यांच्या हातून जेवढे मिळाले तेवढेच.

झाले होते असे. दार लोंबायला लागले तेव्हा त्याची जीभ कुलपाच्या पट्टीच्या खाली येऊ लागली. मी कानस घेतली आणि पट्टीची खाच खाली वाढवली. दार लागायला लागले. वर्षाने ते आणखी खाली आले, खाच आणखी वाढवली. शेवटी घासायला पट्टीच उरली नाही, तेव्हा कासरा आला. बिजागरीकडे मी एकदाही वाकून पाहिले नाही. लागत नाही ते कुलूप, म्हणून दोष कुलपाचा, असा माझा हिशेब.

आईच्या हाताला प्लॅस्टर पडल्यावर मात्र मी तालुक्याच्या गावी लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले मिस्त्री. तात्यांच्या वेळेपासूनचा संबंध. त्यांना आणून गाडी दाखवली. त्यांनी कुलपाकडे ढुंकूनही पाहिले नाही. दार अर्धे उघडले, मला म्हणाले, "खालचा कोपरा दोन्ही हातांनी धर अन् वर उचल. ताकद लावू नको, नुसतं उचल." मी उचलत-सोडत राहिलो आणि ते बिजागरीशी डोळा लावून बसले. वरच्या बिजागरीत खीळच भोकात खालीवर, आतबाहेर होत होती. खालच्या बिजागरीची खीळ तेवढी हलत नव्हती, पण तिचे अख्खे पान लाकडावर सरकत होते. म्हणजे दुखणी दोन आणि दोन्ही वेगळी. वर लोखंड झिजलेले, खाली लाकूड कुजलेले.

वरचीच जास्त का झिजली हेही त्यांनी सांगितले. दाराचे वजन बिजागरीपासून लांब लोंबते. त्यामुळे वरची बिजागरी बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. वरचे भोक म्हणून एकाच बाजूला झिजून लांबट होते. मोटेच्या चाकाचा कणा जसा एकाच अंगाने खातो तसे. हे ऐकल्यावर मला वाटले, आता समजले, एवढे मीही करीन. मिस्त्रींना लेथवर एक नवीन खीळ तेवढी करून मागितली. ते म्हणाले, "खीळ देतो. पण पंधरा दिवसांनी परत येशील." मला वाटले, म्हातारा गिऱ्हाईक बांधून ठेवतो आहे.

खीळ काढण्यातच एक दिवस गेला. रात्रभर रॉकेल आणि इंजिनाचे तेल सोडून भिजत ठेवली, सकाळी खालून वर ठोकून काढली. बाहेर आली ती मध्येच कमरेला झिजलेली. कडेला दहा मिलिमीटर होती ती मध्ये साडेआठवर आली होती. नवीन खीळ बसवली, तेल सोडले, दार लावले. पहिले दोन दिवस चांगले लागले. आठव्या दिवशी पुन्हा लोंबले. मिस्त्रींनी पंधरा सांगितले होते, माझे आठातच संपले.

"आरं, खीळ गोल आणि भोक भोपळ्याच्या बीसारखं, मग ती बसणार कुठं?" मिस्त्री म्हणाले. त्यांना राग नव्हता. माझ्यासारखे रोज येत असतील.

मग सगळे रीतसर केले. ते जरा तपशिलाने सांगतो, कारण जुना ट्रक, ट्रॉली, जीप, काहीही असो, लोखंडी दार-फाळका ज्याच्या घरी आहे त्याच्या उपयोगी पडेल.

बिजागऱ्या सोडण्याआधी त्यांच्या कडेने खिळ्याने रेघ ओढून घेतली, म्हणजे परत कुठे बसवायच्या ते कळते. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर गोणपाट. दाराचे वजन जॅकवर आल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करायचा नाही, नाहीतर शेवटचा बोल्ट निघताना दार अंगावर येते. दार उतरवून बिजागऱ्या मिस्त्रींकडे नेल्या. त्यांनी दोन्ही पाने एकमेकांत बसवून पकडीत आवळली आणि तिन्ही नळ्यांतून एकदमच मोठे भोक पाडले. एकेक नळी वेगळी पाडली तर भोके एका रेषेत येत नाहीत आणि खीळ तिरपी अडकते. मग रीमर फिरवून भोक साफ गोल केले. दोन नळ्यांच्या पानात गनमेटलचे बुश ठोकले. बाहेरून चौदा मिलिमीटर, आतून दहा. मधल्या नळीसाठी खीळ तेवढ्या भागात जाड ठेवायची की तिथेही बुश घालून तो पक्का करायचा, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि दुसरी वाट धरली. मधला बुश त्यांनी असा कसला की त्यात खीळ हातोडीनेच जावी.

"खीळ एका पानात घट्ट अन् दुसऱ्या पानात फिरती पाहिजे," त्यांनी सांगितले. "दोन्हीकडं सैल असली की ती कुठंही फिरते अन् दोन्हीकडं खाते. फिरायचं ते पितळेत फिरू दे. पितळ झिजलं तर बुश बदलता येतो. नळी झिजली तर काय बदलशील?"

वरच्या आणि खालच्या नळीला एकेक बारीक भोक पाडून दिले, तेलाच्या थेंबासाठी. आणि खीळ वरून खाली घालायची, डोके वर ठेवून. म्हणजे उद्या ती सैल झालीच तरी आपल्या वजनाने जागेवर राहते, रस्त्यात गळून पडत नाही. ही गोष्ट मला पन्नाशीत कळली.

लाकडाचे काम गावच्या सुताराने केले. खालच्या बिजागरीमागचे लाकूड वरून रंग धरून होते, पण स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर भाकरीत जावा तसा आत गेला. कुजके सगळे खोदून काढले, तिथे सागाचा तुकडा सरस लावून बसवला. आधीचे स्क्रू होते, त्याऐवजी आरपार बोल्ट घातले आणि मागून लोखंडी पट्टी दिली. नुसत्या लाकडात स्क्रू कितीही आवळला तरी हादऱ्याने भोक मोठे होतेच. पट्टीला रेड ऑक्साइडचे दोन हात.

दार परत टांगताना चौफेर पुठ्ठ्याचे सारखे तुकडे फटीत धरले, दार जॅकने त्यांच्यावर टेकवले आणि मग बोल्ट आवळले. फट सगळीकडे सारखी आली. दार बंद करायला गेलो तर लागेना! आता दार आपल्या मूळ जागेवर आले होते आणि मी दोन वर्षे कानस मारून खाच भलतीकडेच नेऊन ठेवली होती. ती पट्टी फेकून नवीन करून घ्यावी लागली. चुकीची दुरुस्ती अशी दुप्पट महाग पडते. मिस्त्री तेवढे हसले.

दार पूर्ण उघडून मागे आपटू नये म्हणून आतून एक चामड्याचा पट्टा असतो, तो आमचा केव्हाच तुटला होता. त्यामुळे वाऱ्याने दार भिरकावले की सगळा हिसका बिजागरीला बसायचा. पिठाच्या गिरणीतून जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा मागून आणला आणि दोन बोल्टांनी लावला. फुकटात झाले.

इथपर्यंत माझे काम. पुढचे काम धाकट्याचे.

धाकट्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे. गाडी भंगारात घालावी असे त्याचे पहिल्यापासून मत. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची ती फीही बरीच वाढली. "दरसाल एवढं भरायचं आणि चालवायची ती मळ्यातून लासलगावपर्यंत. कशासाठी?" असा त्याचा सवाल. हिशेबाने तो चुकीचा नव्हता. भंगारवाला दोनदा येऊन गाडीला फेरी मारून गेला होता. पण आजीच्या हाताकडे पाहून तोही गप्प झाला होता. एक दिवस मला म्हणाला, "दार केलंच आहे, तर तो डिझेलचा काटा बघतो. तो कधी चाललेला मी पाहिलाच नाही."

मीही पाहिलेला नव्हता. तात्यांच्या वेळेपासून काटा तळाला पडलेला. तात्यांचा भरवसा काठीवर. वेळूची काठी, तिला चाकूने खाचा पाडलेल्या. टाकीचे झाकण काढायचे, काठी तळाला टेकवायची, वर काढायची, कुठपर्यंत ओली झाली ते पाहायचे. "काटा खोटं बोलेल, काठी नाही," असे ते म्हणत.

काठी एकदा खोटे बोलली होती. १९९१ साली. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा, तात्यांबरोबर क्लीनर म्हणून जायचो. वाशीला कांदा घेऊन निघालो होतो. नाशिकच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि तात्यांनी मला काठी लावायला सांगितले. गाडी उतरत्या कडेवर उभी होती, टाकीतले डिझेल एका अंगाला गोळा झालेले आणि झाकण नेमके त्याच अंगाला. काठी चांगली टीचभर ओली निघाली. मी ओरडून सांगितले, "भरपूर आहे!" घोटीच्या पुढे गाडी खोकली आणि बंद पडली. रात्र, पाऊस, अंगावर भरलेला माल. कसाऱ्याचा घाट अजून लागायचा होता हे नशीब.

डिझेल संपलेली गाडी नुसते डिझेल ओतून चालू होत नाही, हे ज्याने भोगले त्याला सांगायला नको. नळ्यांत हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसायचे, आधी फेस येतो, मग फेसाचे बुडबुडे कमी होत होत निखळ डिझेल येते, तेव्हा स्क्रू आवळायचा. मग पुढे इंजेक्टरच्या नळ्या एकेक ढिल्या करून तेच. कोणाकडून तरी डबाभर डिझेल आणून हे सगळे होईपर्यंत उजाडले. वाशीला पोचलो तेव्हा बाजार निम्मा उरकला होता. कांदा पडत्या भावाने गेला. घरी आल्यावर आईने विचारले तेव्हा तात्या म्हणाले, "माझं काठी बघण्यात चुकलं." माझे नाव त्यांनी घेतले नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी. २०१५ साली तात्या गेले तेव्हा अंत्यविधीच्या गर्दीत मला नेमकी ती घोटीची रात्र आठवत होती.

असो. धाकट्याची पद्धत मला आवडली, कारण त्याने एकही वस्तू विकत आणण्याआधी दोष कुठे आहे ते शोधले. डिझेल गेजची रचना साधी असते. किल्ली फिरवली की वीज काट्यात येते, काट्यातून एका वायरने टाकीवरच्या युनिटला जाते, तिथून टाकीच्या पत्र्यातून चेसिसला आणि चेसिसमधून परत बॅटरीला. युनिटमध्ये एक तरंगता फ्लोट असतो. तो वरखाली होतो तसा विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि काटा हलतो.

त्याने टाकीचे झाकण घट्ट लावले. जवळ ठिणगी पडणार असेल तर झाकण उघडे ठेवायचे नाही आणि बिडी तर नाहीच. टाकीवरची वायर काढली, किल्ली फिरवली. काटा तळाला. मग वायरचे टोक लांब नेऊन चेसिसच्या घासून साफ केलेल्या जागेला टेकवले. मी केबिनमध्ये काट्याकडे पाहत होतो. काटा सावकाश उठला आणि चढत चढत पार वरच्या टोकाला गेला! चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी ओरडलो, त्याने लगेच वायर काढली. काटा टोकाला पोचल्यावर वायर तशीच धरून ठेवू नये. काही गाड्यांत हे उलटे असते, वायर टेकवली की काटा खाली येतो. खाली का वर हे महत्त्वाचे नाही. हलतो की नाही हे महत्त्वाचे. हलला, म्हणजे काटा आणि वायर दोन्ही शाबूत. हलला नसता तर काट्याच्या मागे जाऊन शोधावे लागले असते.

मग त्याने तेच टोक टाकीच्या पत्र्याला टेकवले, रंग खरवडून. काटा हलला नाही.

धाकटा माझ्याकडे पाहत म्हणाला, "टाकीला अर्थच नाही." मला वाटले, गाडीला अर्थ नाही म्हणतो आहे! मग त्याने टाकीखाली बोट दाखवले. टाकी खडखडते म्हणून मी २०१६ साली तिच्या पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले होते आणि वरून ऑइलपेंट मारला होता. रबर आणि रंग. विजेची परतीची वाट मीच बंद केली होती. युनिटच्या एका स्क्रूपासून चेसिसपर्यंत एक वेगळी वायर जोडली की ती वाट मोकळी होते. अशा जुन्या गाड्यांत नवीन युनिट आणण्याआधी एवढे करून पाहावे. दहा-वीस रुपयांची वायर.

वायर जोडली, तरी काटा तळालाच. टाकीत अर्धे डिझेल असून. म्हणजे माझ्या चुकीच्या आधीची, तात्यांच्या वेळची चूक अजून आत बसलेली. डिझेल पिपात काढून घेतले, स्क्रू काढून युनिट वर घेतले. फ्लोट पितळेचा, लिंबाएवढा. कानाशी हलवला तर आत खळखळ. फ्लोटला चीर जाऊन त्यात डिझेल शिरले होते आणि तो तळाला जाऊन बसला होता. गरम पाण्यात बुडवला तेव्हा सांध्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. चीर सापडली.

त्याला डाख लावायचे काम तांबटाकडे दिले आणि इथे एक सूचना आहे. आत डिझेल असताना त्याला आग दाखवायची नाही. एक बारीक भोक पाडून सगळे डिझेल निथळले, सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुतले, दोन दिवस उन्हात ठेवले. तांबटाने आधी चीर बुजवली, ते पाडलेले भोक मोकळे ठेवून. गार झाल्यावर शेवटी भोकाला थेंबभर डाख. सगळे एकदम बुजवायला गेले तर आतली हवा तापून फुगते आणि ओला डाख बाहेर फुंकते. युनिटमधल्या बारीक तारेवरून फिरणारी पत्ती धाकट्याने साफ करून थोडी वाकवली, म्हणजे ती तारेला नीट टेकते. ती तार तळाकडच्या टोकाला जास्त घासलेली दिसली. टाकी कधी पुरी न भरणाऱ्या घरची तार तिथेच झिजणार. खाली बुचाचे नवीन गॅस्केट घालून युनिट बसवले.

आता काटा खरे बोलतो का हे पाहायचे होते. गाडी खळ्यावर आणली, सपाट जागा म्हणून. पिपातले डिझेल दहा लिटरच्या मापाने ओतायचे, थोडा वेळ थांबायचे, काटा कुठे आला ते लिहायचे. पडताळ्याला काठी पाहिजे म्हणून मी एखादी वेळूची कांब शोधू लागलो. तेवढ्यात आई ओसरीवरून आली. एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात तात्यांची काठी. मला वाटत होते ती काठी कधीच हरवली. तिने ती कोठीच्या दारामागे ठेवली होती, सात वर्षे.

पहिले माप ओतले. काठी घातली, वर काढली. ओल बरोबर पहिल्या खाचेवर. दुसरे माप, दुसरी खाच. तिसरे, तिसरी. धाकट्याने काठी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आजोबांनी हे कशानं मोजलं असेल?" आई म्हणाली, "खळ्यावरच. याच मापानं. मी कंदील धरला होता."

आठ मापे ओतून झाली. काटा वर गेला, पण खालच्या बाजूला जरा लवकर शून्य दाखवत नव्हता. नळी टाकीच्या अगदी तळाला टेकलेली नसते, शेवटचे काही लिटर इंजिनाला मिळतच नाहीत. म्हणून त्याने युनिट पुन्हा काढून फ्लोटची दांडी किंचित वाकवली, अशी की टाकीत दहा लिटर असतानाच काटा शून्यावर यावा. आठव्या मापापर्यंत पुन्हा सगळे केले. संध्याकाळ झाली. सगळा खर्च मिळून चार हजारांच्या आत. त्यात मिस्त्रींचे दोन, आणि ते घेताना त्यांनी पहिल्या खिळीचे पैसे वजा केले.

फेब्रुवारीत प्लॅस्टर निघून पंधरा दिवस झाले होते. खालच्या मळ्यात कांद्याला दुसरी खुरपणी होती. मी गाडी ओट्याशी लावली आणि काही न बोलता बसून राहिलो. आई आली. पायरीवर पाय दिला, वर चढली आणि दार ओढले. ते एका बोटाने लागले. तिने ते पुन्हा उघडले, पुन्हा लावले. मग काट्याकडे पाहून विचारले, "किती आहे?" मी म्हणालो, "पाव टाकी." "काठी लावली का?" "लावली." तेव्हा तिने बाकाखाली हात घातला, कासरा बाहेर काढला, त्याची घडी केली आणि मांडीवर ठेवला.

"हा इथं कशाला?" ती म्हणाली. "कालवडीचं दावं तुटलंय."